दुबई तीन तास, मुंबई नऊ तास

आखाती देशांत कामाला जाणारी माणसे रत्नागिरी जिल्ह्याला नवी नाहीत. आपल्या वाड्यांतली मुलेही वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर म्हणून जाऊ लागली आहेत. तिकीट हाती पडले की घरातली म्हातारी माणसे विचारतात, "दुबई किती लांब गो?" या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यावर पोराची नोकरी अवलंबून असते.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला तीन-साडेतीन तास लागतात. रत्नागिरी ते मुंबई सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आसपास. पण रस्त्याने ते साडेतीनशेच्या घरात जाते. त्यात घाट, वळणे आणि २०११ पासून वर्षानुवर्षे रखडलेले महामार्गाचे चौपदरीकरण. एस.टी.ने आठ-नऊ तास धरावेच लागतात. म्हणजे परदेश जवळ आणि आपलीच मुंबई लांब!

आता घड्याळाकडे वळू. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि तिकिटावर ज्या-त्या गावची वेळ छापलेली असते. मुंबईहून पहाटे ४ ला सुटून ५.३० ला पोहोचणारे विमान दीड तासात नव्हे, तीन तासांत पोहोचते. परतताना रात्री १० ला निघालेले विमान मुंबईत २.३० ला उतरते, तेही तीनच तासांत. घरच्यांनी उगीच घोर लावून घेऊ नये.

खरा घोटाळा तारखेचा होतो. तिकिटावर '१२ तारीख, ००.३०' असे असेल तर विमान ११ तारखेच्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने सुटते. १२ च्या रात्री विमानतळावर जाणाऱ्याला रिकामे आकाश दिसेल. म्हणून हिशेब उलटा मांडावा. विमान रात्री १२.३०. तीन तास आधी विमानतळावर, म्हणजे ११ च्या रात्री ९.३०. त्याआधी प्रवासाचे नऊ तास आणि अडचणीसाठी तीन. म्हणजे ११ तारखेला सकाळी ९.३० ला रत्नागिरी सोडलीच पाहिजे.

पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच निघावे. कोकण रेल्वेच्या गाड्या त्या दिवसांत वेगळ्या वेळापत्रकाने, धिम्या गतीने चालतात. जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड कोसळून मार्ग जवळजवळ दिवसभर बंद पडला होता. विमान दरडीसाठी थांबत नाही. मुंबईतल्या नातेवाइकाच्या खोलीत एक रात्र दाटीवाटीने काढणे परवडते; पण दागिने गहाण ठेवून काढलेले तिकीट फुकट जाणे परवडत नाही.

बंधुभगिनींनो, घरात दहावी-बारावी शिकलेली मुलगी असेल तर हा हिशेब तिच्याकडून कागदावर मांडून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. शिक्षणाचा उपयोग इथूनच सुरू होतो.