आंतरविद्याशाखीयतेचे सोंग

गेल्या वर्षी उपनगरातील एका महाविद्यालयात अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर चर्चा करण्यासाठी आम्हां चार-पाच मराठीच्या अध्यापकांना बोलावले होते. महाविद्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली यांपैकी कोठेही तीच बैठक, तोच चहा आणि तोच मसुदा भेटला असता. विषयाचे नाव ‘मराठी भाषा, संगणक आणि आंतरजाल’. श्रेयांक दोन, तास तीस. पहिल्या घटकात संगणकाच्या पाच पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूबपासून. दुसऱ्यात ‘आंतरजाल : अर्थ, स्वरूप, व्याप्ती, फायदे व तोटे’. तिसऱ्यात युनिकोड टंकलेखन. चौथ्यात ब्लॉगलेखन व समाजमाध्यमे. मसुद्याच्या शिरोभागी ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘आंतरविद्याशाखीय’.

‘अर्थ, स्वरूप, व्याप्ती’ ही आमची जुनी त्रिसूत्री. कादंबरी असो, लोकसाहित्य असो वा आता आंतरजाल असो, कोणताही विषय या तीन खुंट्यांवर टांगला की अभ्यासक्रम तयार होतो. प्रश्नपत्रिकेत ‘इंटरनेटचे फायदे लिहा’ असा दहा गुणांचा प्रश्न येतो आणि ज्या मुलाने रात्री मालाडच्या कॉल सेंटरमध्ये पाळी केलेली असते तो सकाळी येऊन इंटरनेटचे सहा फायदे मुद्देसूद लिहितो. या मुलाला विद्यापीठाने काय दिले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना ते २०२४-२५ पासून लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली अशी खणांची मोठी फडताळे आमच्यापुढे उभी राहिली. प्रत्येक खणात काहीतरी भरायचे आहे, आणि ते जूनपूर्वी. धोरणातील कल्पना वाईट आहे असे मी म्हणत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणनशास्त्र शिकावे आणि संगणकाच्या विद्यार्थ्याने भाषेचा विचार करावा, ही अपेक्षा योग्यच आहे, किंबहुना ती फार उशिरा आली. माझा वाद तिच्या अंमलबजावणीशी आहे. दोन विद्याशाखांना एका आवरणपृष्ठाखाली स्टेपल करणे म्हणजे आंतरविद्याशाखीयता, असे आम्ही मानून चाललो आहोत.

दोन शाखा खऱ्या अर्थाने एकत्र केव्हा येतात? एकीचा प्रश्न दुसरीच्या साधनांवाचून सुटत नाही तेव्हा. आणि असे घडल्याचे उदाहरण आमच्या याच उपनगरांत आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेले नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हे केंद्र जुहूला होते. पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. भारतातील शैक्षणिक संगणकजाळ्याच्या, म्हणजे अर्नेटच्या, आरंभीच्या जडणघडणीत या केंद्राचा मोठा वाटा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले, त्याच्या कितीतरी आधी जुहूहून संगणकी टपाल जात-येत होते. याच केंद्रात र. कृ. जोशी काम करीत होते. ते सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवलेले अध्यापक. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर देवनागरी ज्या ‘मंगल’ टंकातून दिसू लागली, तो टंक त्यांच्या हातचा. अक्षराचे वळण, जोडाक्षरातील व्यंजनांची उतरंड, वेलांटीने नेमके कोठवर झुकावे हे जाणणारा माणूस आणि ते वळण यंत्राच्या नियमांत बसवणारे अभियंते एका इमारतीत बसले होते. जोशी २००८ मध्ये गेले. मराठीच्या किती पाठ्यक्रमांत त्यांच्या या कामावर एक तास तरी आहे? आम्ही साठोत्तरी कविता शिकवतो, लघुनियतकालिकांची चळवळ शिकवतो, आणि ज्या अक्षरांत हा मजकूर आज वाचला जातो ती अक्षरे कोणी घडवली हे सांगत नाही.

येथे मी स्वपक्षावरच शस्त्र धरतो आहे, याची जाणीव आहे. संगणकवाल्यांना भाषेची कदर नाही अशी तक्रार आम्ही नेहमी करतो, आणि ती खोटी नाही. त्यांच्या लेखी भाषा म्हणजे ‘कम्युनिकेशन स्किल्स’. पण आमच्या लेखी संगणक म्हणजे टंकलेखन, हे त्याहून कमी अडाणीपणाचे आहे काय?

एक साधे उदाहरण घेतो. ‘आचार्यांना जेवण वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण वाढा’. एका वाक्यात पूज्य व्यक्ती जेवते, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद अर्ध्या ‘र’च्या रूपावर उभा आहे. युनिकोडमध्ये हा चंद्रकोरीसारखा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त करून, आणि दुसरा म्हणजे साध्या ‘र’च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत, एक शोधला तर दुसरा सापडत नाही. आणि एखाद्या प्रणालीने ‘साफसफाई’ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकले, तर आचारी क्षणात आचार्य होतो. ‘ॲ’ची कथाही तीच. या स्वराला स्वतंत्र स्थान मिळाले ते युनिकोडच्या २००८ च्या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवत होते, अजूनही चढवतात. संगणकाच्या विद्यार्थ्याला ही ‘डेटा’तील घाण वाटते. ही घाण नाही, लेखनपरंपरा आहे, हे सांगणारा माणूस मराठी विभागात बसलेला असतो. पण त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर तो युनिकोडच्या फायद्या-तोट्यांवर बोलू लागतो.

याहून गहन उदाहरण हरि नारायण आपट्यांचे. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः येऊ लागली. आपटे १९१९ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालणारा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, म्हणजे ही संहिता कोणीही संगणकावर चढवावी, मोजावी, चाळावी. आता विद्यार्थ्याला सांगा की या कादंबरीत ‘घरात’ हा शब्द किती वेळा येतो ते मोज. कुटुंबाच्या चौकटीत कोंडलेल्या यमूची ही कथा असल्याने प्रश्न निरर्थक नाही. तो ‘घरात’ टाइप करतो आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही. कारण आपट्यांच्या काळी ‘घरांत’ असे सानुस्वार लिहीत. शीर्षकातच पाहा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मग विद्यार्थी म्हणतो, सोपे आहे, सगळे अनुस्वार पुसून टाकू. येथे व्याकरण आडवे येते. आजच्या लेखनात ‘घरात’ हे एकवचन आणि ‘घरांत’ हे अनेकवचन. जुन्या लेखनात दोन्ही ‘घरांत’. सरसकट पुसले तर अनेकवचनही पुसले जाते, आणि न पुसले तर एकवचन अनेकवचन म्हणून मोजले जाते. यातून वाट काढायची तर वाक्य वाचावे लागते, संदर्भ लावावा लागतो, नियम लिहावा लागतो, तो चालवून त्याच्या चुका तपासाव्या लागतात. हे वाङ्मयाचे काम आहे की संगणनाचे? त्यात घर, घरी, घराला, घरातल्यांनासुद्धा अशी सामान्यरूपांची आणि शब्दयोगी अव्ययांची माळ आली की इंग्रजीसाठी बनवलेली शब्दमोजणीची हत्यारे किती तोकडी आहेत, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. सहा महिने त्याने एवढेच केले तरी तो मराठी व्याकरण शिकेल आणि पायथॉनही.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या खणात छंदशास्त्राचे आणि पिंगलाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र आमच्या पिढीने वृत्ते ओळखण्यासाठी घोकले. त्यातील दहा अक्षरांत लगतची तीन-तीन अक्षरे घेत गेले की लघु-गुरूंचे आठही गण एकेकदा मिळतात. आजच्या गणितात या रचनेला ‘डी ब्रॉइन क्रम’ म्हणतात आणि संगणनशास्त्रात तो शिकवला जातो. लघु-गुरू ओळखण्याचे नियम जोडाक्षर, अनुस्वार, विसर्ग यांसह लिहून घ्या, मुलांकडून त्यांचा प्रोग्रॅम करून घ्या, आणि केशवसुतांची कविता त्यात घाला. मात्र अभंग किंवा ओवी घातली की यंत्र गडबडते, आणि का गडबडते याचे उत्तर शोधताना छंद आणि वृत्त यांतला फरक उमगतो. पण हे कोठे होत नाही. अभिमानाला श्रेयांक आहेत, गणनाला नाहीत.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला आमच्या ज्येष्ठांचा : साहित्याचा आस्वाद मोजमापाने मरतो. मोजून आस्वाद मिळत नाही हे मान्य. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवर उभे राहिले. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पंडितांना रसिकता नव्हती, असे कोणी म्हणेल काय? वि. का. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले ते रूपे वेचून, लावून, तोलूनच. मोजणे आमच्या परंपरेत नवीन नाही. फक्त त्यासाठी आयुष्य खर्ची घालावे लागे, आता एक दुपार पुरते.

दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. त्यांना मराठीचा विभाग वाचवायचा आहे आणि त्यासाठी ‘रोजगाराभिमुख’ असा शिक्का हवा आहे. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. उपनगरांतील मराठी शाळा आटल्या, कला शाखेची तुकडी रोडावली, कार्यभार घटला की तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाचा पोटमार्ग जातो, हे मी जवळून पाहिले आहे. पण टंकलेखन शिकवून विभाग वाचत नाही. ते काम मोबाइलला तोंडाने सांगितले तरी होते. ज्या कामासाठी मराठीचा जाणकार खरोखर लागतो ते वेगळेच आहे. पवईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट तयार झाले. पुण्यातील एल३क्यूब या गटाने मराठी मजकुराचे संचय आणि त्यांवर पोसलेली भाषाप्रारूपे खुली केली. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, आणि दप्तरखान्यांतले मोडी रुमाल यंत्राला वाचायला शिकवणे हे पुढे पडलेले काम आहे. मराठीचे वर्डनेट हिंदीच्या वर्डनेटवरून विस्तारत नेले गेले. हिंदीच्या अर्थसंचांतून मराठीचे अर्थविश्व किती यावे आणि काय निसटावे, हा खास समीक्षेचा विषय. त्यावर चर्चासत्रे भरायला हवी होती. आमची चर्चासत्रे अजून ‘जागतिकीकरण आणि मराठी कविता’ येथेच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे मात्र सर्वांनी खाल्ले.

आता जे कोणी मसुद्यात लिहीत नाही ते लिहितो. आमच्या उपनगरी महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा बहुधा स्वयंअर्थसहाय्यित विभागाची असते. तिचे शुल्क बीएस्सी आयटीचे विद्यार्थी भरतात. बीए अनुदानित. त्या प्रयोगशाळेची किल्ली बीएच्या विद्यार्थ्याला कोणत्या हिशेबात द्यायची? एकाच वर्गात एकाच तासाला मराठीचा आणि संगणकाचा असे दोन अध्यापक उभे राहिले तर तो तास कोणाच्या कार्यभारात धरायचा? अर्धा-अर्धा धरला तर दोघांचाही कार्यभार अपुरा ठरतो, पूर्ण-पूर्ण धरला तर तपासणीत आक्षेप येतो. म्हणून मग एकच अध्यापक दोन्ही शिकवतो आणि त्याला जे येते तेवढेच शिकवले जाते, म्हणजे अर्थ, स्वरूप, व्याप्ती. विद्याशाखांमधली भिंत ज्ञानाची असती तर ती आम्ही कधीच ओलांडली असती. ती वेतनबिलाची आहे. हे हिशेब बदलल्याशिवाय अभ्यासमंडळांनी कितीही सुंदर उद्दिष्टे लिहिली तरी ती कागदावरच राहतील.

त्या बैठकीत मी एक पर्यायी मसुदा ठेवला. चार श्रेयांक, चौदा आठवडे, एक संहिता. विद्यार्थ्यांचे गट मिश्र : दोन मराठीचे, दोन संगणकाचे. पहिले चार आठवडे केवळ वाचन. त्यानंतर मुद्रितशोधन व संगणकावर चढवणे, त्यानंतर मोजणी, आणि अखेरच्या आठवड्यांत मोजणीने जे सांगितले ते वाचनाशी ताडून लिहिलेला एक निबंध. लेखी परीक्षा नाही. दोन अध्यापक, दोघेही प्रत्येक तासाला हजर.

सदस्यांनी मसुद्याचे कौतुक केले. एकांनी विचारले, यातून पाच गुणांचे टिपांचे प्रश्न कसे काढणार? पंधरा दिवसांनी तो विहित नमुन्यात भरून द्यायचा होता. नमुन्यात ‘विभाग’ या शब्दापुढे एकच चौकट होती. तीत मी बारीक अक्षरांत दोन नावे लिहिली. कागद परत आला, पेन्सिलीने एका नावाभोवती गोल काढून, आणि कडेला शेरा : ‘कृपया एकच विभाग नमूद करावा.’