कडुनिंबाच्या तेलाला ‘अहिंसक’ म्हणू नका



मंडळाच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच निरोप फिरला. ‘झाडावर कडुनिंबाचं तेल मारा, नैसर्गिक आहे, दोष लागत नाही.’ खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मला हे मुळीच पटत नाही, आणि गप्प बसले तर अनुमोदनेचा दोष माझ्याही वाट्याला येतो.

पानाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो ना, तो पिठ्या ढेकूण. त्रस जीव आहे. इतका हळू सरकतो की आपल्याला कळत नाही, एवढंच. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन त्याची भूक मारतं, त्याला कात टाकू देत नाही. म्हणजे तो पटकन न मरता उपाशी, अर्धवट वाढून मरतो. साबणाच्या पाण्यानं मऊ अंगाचा मावा गुदमरतो, सुकतो. बाटलीवर हिरवं पान छापलं म्हणून हे अहिंसक कसं झालं? मी कॉमर्सची. खर्च दुसऱ्या खात्यात टाकला म्हणून तो नाहीसा होत नाही.

गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, मान्य. चूल पेटते, केर निघतो. पण बाटली हातात घेऊन ‘आता हिला मारते’ म्हणणं संकल्पी हिंसेत येतं. तेही कशासाठी, तर गॅलरी शोभावी म्हणून!

यत्न करायचा तो कीड येण्याआधी. नर्सरीतलं नवं रोप पंधरा दिवस वेगळं ठेवा, पानं उलटून बघा. खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर वर बहुधा मावा किंवा पिठ्या असतो. त्यांच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्यांना राखतात. (मुंग्यांचा खडू ओढू नका, ते सरळ विष आहे.) खताचा मारा केला की लुसलुशीत पालवी फुटते आणि मावा तिच्यावरच बसतो. कुंडीवरची चिलटं तर आपल्याच अति पाण्यानं होतात. पहिल्यापासून वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी घाला. मोगऱ्याच्या पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. त्याला उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि धूळ मानवते, म्हणून होळीपासूनच पानांवर पाणी शिंपडत जा.

एवढं करूनही गेल्या वर्षी माझ्या जास्वंदीला पिठ्या लागला. लागलेल्या फांद्या कापून आवारात, इतर झाडांपासून लांब, सावलीत ठेवल्या. त्यातले जीव बहुतेक जगले नसतील. प्रतिक्रमणात मी ते बोलले, ‘दोष नाही’ म्हटलं नाही. तुम्हाला फवारायचंच असेल तर फवारा, पण निदान एवढं खरं बोला.

मग कुंड्या मोजल्या. चौतीस! परिग्रह-परिमाणात आपण साड्या मोजतो, सोनं मोजतो, कुंड्या कुणी मोजते का? आता अकरा आहेत. बाकीच्या वाटल्या, एकेक पान उलटून बघूनच.