कुलूप सर्वांचे, राखण कोणाची?

जुन्या जालन्यात गांधी चमनच्या आसपास एखाद्या सेवा केंद्रात खरिपाच्या दिवसांत डोकावले, तर नेहमीचे दृश्य दिसते. खेड्यातून आलेला शेतकरी सातबारा, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक हातात घेऊन ताटकळत असतो. केंद्रचालक त्यातील आकडे यंत्रात भरत असतो. आणि एकदा अंगठा उमटला की त्या माणसाची जमीन, त्याचे खाते आणि त्याची ओळख तारेतून मुंबईच्या वाटेला लागते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा देणारी योजना आली, तेव्हा राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज असेच गेले. वाटेत ते आकडे कोणी चोरू नयेत, बदलू नयेत, म्हणून त्यांना कुलूप घातलेले असते. पूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात त्या कुलपाची इवलीशी आकृती हमखास दिसे. आता काही ठिकाणी तीही काढून टाकली आहे. कुलूप कोणी घडवले आणि ते गंजले तर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारण्याचे कारण नाही. परंतु तो मंत्रालयातही कोणी विचारलेला दिसत नाही.

हे कुलूप टाटांनी केलेले नाही, अमेरिकेतील कोणा धनाढ्य कंपनीनेही केलेले नाही. जगातील फार मोठ्या संख्येच्या सर्व्हरांवर हे काम ‘ओपनएसएसएल’ नावाची आज्ञावली करते. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाऊन काम करण्यासाठी जगभरचे तंत्रज्ञ ‘ओपनएसएसएच’ वापरतात; ती १९९९ मध्ये ओपनबीएसडी या गटाने सिद्ध केली. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. खाजगी मालकीवाचून जागतिक दर्जाचे उत्पादन होऊच शकत नाही, असे उठता-बसता सांगणाऱ्या अर्थपंडितांची बँकखाती या मालकीविरहित कुलपांच्या भरवशावर सुरक्षित आहेत, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण गंमत येथेच संपते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील एक भयंकर दोष जाहीर झाला. ‘हार्टब्लीड’ या नावाने तो ओळखला जातो. पलीकडच्या यंत्राने थोडा मजकूर पाठवायचा आणि आपण पुष्कळ पाठवला आहे असे खोटेच सांगायचे. सर्व्हर ते न तपासता, स्वतःच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज उत्तरादाखल ओतून देई. त्यात परवलीचे शब्द असू शकत, खुद्द कुलपाची किल्लीही असू शके. २०१२ पासून दोन वर्षे हे भोक उघडे होते. सुमारे पाच लाख सर्व्हर त्याच्या कक्षेत होते. चूक झाली ती एका ओळीत, लांबी तपासण्याची एक अट राहून गेल्यामुळे. अशा चुका कोणाही कसबी माणसाच्या हातून होतात. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडाव्यात म्हणून तपासनीस लागतात, आणि येथे तपासनीस किती होते? त्या प्रकल्पावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एक होता, आणि वर्षाकाठी येणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. अब्जावधींचे व्यवहार ज्या दारातून होत होते, त्या दाराच्या राखणदारासाठी भांडवलशाहीने एवढी तरतूद केली होती.

ओपनबीएसडीची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या या प्रकल्पाची यंत्रे कॅनडातील कॅलगरी येथे त्याच्या प्रमुखाच्या घराच्या तळघरात चालत. २०१४ च्या जानेवारीत त्यांच्यावर विजेच्या बिलासाठी वीस हजार डॉलरची जाहीर याचना करण्याची पाळी आली. ओपनएसएसएच वापरणाऱ्या कंपन्यांत जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्या होत्या; बिल भागले ते एका रुमेनियन धनिकाच्या दानावर. हार्टब्लीडनंतर मात्र याच कंपन्या खडबडून जाग्या झाल्या आणि एप्रिल २०१४ मध्ये एक निधी स्थापन करून, प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर याप्रमाणे तीन वर्षे देण्याचे त्यांनी जाहीर केले. घराला आग लागल्यावर विहिरीसाठी वर्गणी काढावी, तसा हा प्रकार.

यावर विक्रेत्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: म्हणूनच फुकटच्या नादी लागू नका, दाम मोजा आणि जबाबदार कंपनीचा माल घ्या. सरकारी खरेदीच्या टेबलाभोवती हा युक्तिवाद फार लवकर पटतो, त्याची कारणे कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण १९ जुलै २०२४ रोजी काय झाले? क्राउडस्ट्राइक या भरभक्कम दाम घेणाऱ्या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख यंत्रे एकाच दिवशी कोलमडली आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवासपत्रे वाटावी लागली. तेथे संहिता बंद असल्याने बाहेरच्या कोणाला तीत डोकावून चूक आधी पकडण्याची सोयच नव्हती. उघड्या कुलपात दोष निघाला तर तो कोणीही दाखवू शकतो, दुरुस्ती कोणीही तपासू शकतो. हा फरक लहान नाही, आणि तो सोडून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरा वाद विक्रेत्यांशी नाही. खरा वाद आहे तो समाजवादी वर्तुळातीलच त्या भाबड्या मंडळींशी, जी मुक्त आज्ञावलीत आधुनिक श्रमदान पाहतात आणि तेवढ्यावर कृतार्थ होतात. श्रमदानाचा मोठा वारसा या चळवळीला आहे, त्याचा अवमान करण्याचे कारण नाही. जालन्याने तर तो अलीकडेच पाहिला. निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरत गेला. २०१२-१३ च्या दुष्काळाने शहराच्या तोंडचे पाणी पळवले. आणि नागरिकांनी एकत्र येऊन, पैसा उभारून त्या तलावातील गाळ उपसला. कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु गाळ पुन्हा येतो. दर पावसाळ्यात येतो. शिवाय तलावावर पहारेकरी लागतो, झडप फिरवणारा लागतो, फुटलेल्या नळाला रात्री दोन वाजता उतरून सांधा घालणारा लागतो. हे काम उत्साहावर चालत नाही, ते नोकरीवर चालते. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. त्या महापालिकेने उद्या जाहीर केले की, नळदुरुस्तीचे काम यापुढे हौशी नागरिकांनी सवडीने करावे, तर जुना जालना काय आणि नवा जालना काय, कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरून मोर्चा निघेल. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र हीच व्यवस्था आदर्श म्हणून मिरवली जाते.

त्या व्यवस्थेत माणसाचे काय होते, हे २०२४ मध्ये जगापुढे आले. ‘एक्सझेड’ ही मजकूर आकुंचित करणारी एक लहानशी आज्ञावली. फिनलंडमधील लासे कॉलिन हा गृहस्थ ती अनेक वर्षे बिनपगारी सांभाळत होता. काम साचले, तो थकला. दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे काळजी घेणे जमेनासे झाले आहे आणि हे बिनमोबदल्याचे काम आहे, असे त्याने २०२२ मध्ये उघडपणे लिहिले. त्याच सुमारास काही अनोळखी नावे त्याच्यावर तोंडसुख घेत होती, कामाची दिरंगाई उगाळत होती, सूत्रे दुसऱ्याकडे द्या म्हणत होती. त्यांतील एक नाव ‘जिगर कुमार’ असे होते. त्यामागे कोण होते ते आजवर उघड झालेले नाही. आणि मदतीला एक तत्पर, सालस सहकारी हजर होताच: ‘जिया टॅन’. दोन वर्षे निष्ठेने दुरुस्त्या करून त्याने विश्वास संपादन केला, सूत्रे हाती घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दोन आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ओपनएसएसएचच्या स्वतःच्या संहितेत दोष नव्हता, पण काही लिनक्स वितरणांत ती एक्सझेडशी आडमार्गाने जोडली गेली होती. त्यामुळे चोराला थेट सर्व्हरच्या माजघरात प्रवेश मिळाला असता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशासाठी नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला सारा कट उघडकीस आणला. जगाच्या सुरक्षिततेची व्यवस्था एका माणसाच्या चिकाटीवर आणि नशिबावर तरली.

या प्रकरणाची चर्चा हेरगिरीच्या अंगाने पुष्कळ झाली. ती हेरगिरी शक्य झाली ती राखणदार एकटा, उपाशी आणि थकलेला होता म्हणून, हे मात्र फार थोड्यांनी म्हटले. त्या प्रकल्पावर तीन माणसे पगारावर असती, तर अनोळखी मदतनिसाच्या गळ्यात पडण्याची वेळ आली नसती.

देखभाल हे असे काम आहे की, ते एकदा करून संपत नाही. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला. शोधकांना आढळले की हाच दोष २००६ मध्ये दुरुस्त झाला होता आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संहितेतील एका बदलात ती दुरुस्ती नकळत गळून पडली. अत्यंत दक्ष लोकांच्या हातून हे घडले. जुना सांधा का घातला होता हे आठवणारे माणूस कामावर टिकून राहणे, हीच सुरक्षा असते. कंत्राटी पद्धतीत नेमके तेच अशक्य होते.

आणि दुरुस्ती तयार झाली म्हणजे ती बसली असे होत नाही. ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने सी-एज या, टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतील कंपनीला आपल्या जाळ्यापासून तोडले; तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला होता. देशातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे खातेदार तेवढ्या काळापुरते देयक व्यवहारांना मुकले. मोठ्या शहरातील मोठ्या बँकेचा ग्राहक बिनधास्त होता; अडला तो छोट्या बँकेचा छोटा खातेदार. एका सुरक्षा संस्थेच्या तपासणीनुसार हल्लेखोर शिरले ते संबंधित पुरवठादाराच्या ‘जेंकिन्स’ या मुक्त आज्ञावलीच्या सर्व्हरमधून. तिच्यातील त्या दोषावरची दुरुस्ती देखभाल करणाऱ्यांनी जानेवारीतच प्रसिद्ध केली होती. सहा महिने ती उंबऱ्यावर पडून होती. ती उचलून आत नेण्यासाठी कंत्राटाच्या साखळीत कोणाचीच नेमणूक नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

सरकारचे वर्तन या साऱ्यात कसे आहे? २०१५ मध्ये केंद्राने मुक्तस्रोत आज्ञावलीला शासकीय कामात प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. योग्यच केले, परवान्यांवरचा मोठा खर्च त्यामुळे वाचू शकतो. परंतु वाचलेल्या पैशातून राखणदाराची मजुरी द्यावी हे कोणाच्या मनात आले नाही. एप्रिल २०२२ मध्ये आदेश निघाला की, हल्ला झाल्यास सहा तासांत वर्दी द्या. वर्दीची शिस्त हवीच. पण पोलीसपाटलाला वर्दी देण्याने भिंतीचे भोक बुजत नाही. जर्मनीच्या सरकारने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून एक निधी उभारला आणि ‘कर्ल’, ‘वायरगार्ड’ यांसारख्या पायाभूत आज्ञावल्यांच्या देखभालीचा खर्च उचलला. येथे असा नाव घेण्याजोगा निधी उभारला तो २०२४ मध्ये झिरोधा या शेअरदलाल कंपनीने, वर्षाला दहा लाख डॉलरचा. त्या कंपनीचे अभिनंदन करण्यास हरकत नाही. पण ज्या तिजोरीच्या कुलपाचा प्रश्न आहे ती तिजोरी सरकारची, आणि तेल घालायला शेअरदलाल, हे चित्र कोणत्याही प्रजासत्ताकाला शोभणारे नाही.

महाराष्ट्रात या वृत्तीला एक गोंडस शब्द आहे: मानधन. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक वर्षानुवर्षे मुंबई-नागपूरला मोर्चे नेतात ते या शब्दाविरुद्ध. आशा सेविका, अंगणवाडी सेविका यांचीही तीच कहाणी. ज्या कामावाचून राज्य एक दिवस चालणार नाही त्या कामाला वेतन म्हणायचे नाही, म्हणजे वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा यांचा प्रश्नच मिटला. कॅलगरीच्या तळघरातला प्रोग्रामर आणि अंबड तालुक्यातला संगणक परिचालक यांचे हाल अर्थातच सारखे नाहीत; परंतु त्यांच्या श्रमाकडे पाहण्याची मालकवर्गाची नजर एकच आहे.

म्हणून मागणीही एकच असावी, आणि ती देणगीची नसावी. राज्याच्या प्रत्येक संगणकीय कंत्राटात, त्यात वापरलेल्या मुक्त आज्ञावल्यांची यादी आणि त्यांच्या देखभालीसाठी ठरावीक हिस्सा ही सक्तीची कलमे असावीत. पुण्याच्या सी-डॅकसारख्या सार्वजनिक संस्थांत कायम वेतनावरच्या अशा जागा निर्माण व्हाव्यात की, ज्यांचे काम नवे काही करून दाखवणे हे नसून जुने तपासणे हेच असेल. जालन्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुण्याच्या कंत्राटदाराच्या दारात ताटकळावे लागू नये, यासाठी जिल्हा पातळीवर दुरुस्त्या बसवणारे पथक नेमावे; दर महिन्याला सेवा केंद्रांची, सहकारी बँकांची, पंचायत समित्यांची यंत्रे तपासणे हे त्याचे काम. यातील शेवटची मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे मांडण्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. जालन्यातील कार्यकर्त्यांनी ती तेथूनच सुरू करावी, आणि निवेदनावर पहिल्या सह्या सेवा केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांच्या घ्याव्यात.