राउटरची रोजनिशी

दोस्तांनो, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भिंतीवर लुकलुकणारा एक डबा पाहिलाय ना? बहुतेक तो राउटर. इकडचे निरोप तिकडे योग्य वाटेने पोचवणं हे त्याचं काम. पण गंमत अशी, की हे करता करता मोठे राउटर रोजनिशीही लिहितात! अमुक तार निघाली, तमुक जोडली, कुणी चुकीचा पासवर्ड टाकला...

ही रोजनिशी असते राउटरच्या स्वतःच्या मेमरीत. जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि वीज गेली की सगळंच साफ! बिघाड कशाने झाला हे सांगणारी नोंदही बिघाडाबरोबर गेली. म्हणून राउटरला एक पत्ता देऊन ठेवतात : 'बाबा रे, जे लिहिशील ते या दुसऱ्या कॉम्प्युटरलाही कळवत जा.' ही पद्धत म्हणजे सिसलॉग. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ती तयार केली, तीही ई-मेल पोचवणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्रामसाठी.

आता सगळंच कळवलं तर ढीग साचेल. म्हणून चाळणी लावायची. प्रत्येक निरोपाला ० ते ७ असा दर्जा असतो आणि इथे मामला उलटा : आकडा लहान, संकट मोठं! ० म्हणजे यंत्रणाच बंद, ४ म्हणजे इशारा, ७ म्हणजे अगदी बारीकसारीक. चाळणी ४वर लावली की ० ते ४ तेवढे जातात.

इथेच खरी मेख आहे. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये 'तार निघाली' हा निरोप ३ऱ्या दर्जाचा, पण 'कुणीतरी सेटिंग बदललं' हा ५व्या. म्हणजे ४ची चाळणी असेल तर तार निघाल्याचं कळेल. चोरपावलांनी शिरून कुणी सेटिंग बदललं, त्याचा मात्र पत्ता लागणार नाही! मला विचाराल तर चाळणी ६वर ठेवावी. ढीग वाढला तर वाढू दे.

हे निरोप बहुधा साध्या पोस्टकार्डासारखे जातात. पोचपावती नाही, आणि वाटेत कुणीही वाचावं. बंद पाकिटातून पाठवायचे नियम २००९ साली ठरले.

आता पाढे आठवा. निरोपाच्या सुरुवातीला कंसात एक आकडा असतो, समजा १८९. त्याला ८ने भागा. भागाकार २३, तो निरोप पाठवणाऱ्या विभागाचा क्रमांक. बाकी ५, तो दर्जा. मग सांगा पाहू, १८७ आकड्याचा निरोप ४च्या चाळणीतून जाईल की अडकेल?