विश्लेषण : छपरावर पाटीचा दगड की पाटीसारखे प्लास्टिक?

बदलापूर-अंबरनाथकडे स्वतंत्र घर बांधताना उतरते छप्पर हवे, पण लाल कौले नकोत, करडी स्लेट हवी अशी हौस असेल, तर पहिला प्रश्न पडतो : अस्सल की कृत्रिम?

स्लेट म्हणजे शाळेच्या पाटीचा दगड. तो पापुद्र्यांसारखा सुटतो, म्हणून त्याची कौले होतात. ज्या काळ्या दगडात अंबरनाथचे अकराव्या शतकातले शिवमंदिर घडले, तो तसा सुटत नाही. त्यामुळे अस्सल माल हिमाचल किंवा आंध्रातल्या मार्कापूरसारख्या दूरच्या ठिकाणाहून आणावा लागतो.

वजनाची भीती बहुधा अनाठायी आहे. एका चौरस मीटरला मंगळुरी कौले साधारण १५ लागतात, एकेक अडीच-तीन किलोचे. म्हणजे भार ४० किलोच्या आसपास. पाच-सहा मिलिमीटर जाडीची स्लेट दुहेरी चढवली तरी त्याहून जड होत नाही.

खरी धास्ती हवेची?

अंबरनाथ आणि बदलापूर, दोन्हीकडे एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. ज्या स्लेटमध्ये चुन्याचा अंश जास्त, ती आम्लयुक्त हवा-पावसात ठिसूळ होते. लोह-गंधकाचे कण असतील तर छपरावर तांबूस ओघळ उतरतात. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. निदान बोटाने ठोकून तरी पाहावा. चांगली स्लेट खणखणीत वाजते, भेगाळलेली बद्द आवाज करते. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच. ब्रिटनमधली जुनी छपरे अनेकदा दगड झिजून नव्हे, खिळे गंजून निकामी होतात.

कृत्रिम स्लेट रबर किंवा प्लास्टिकची. ती हलकी, कापायला सोपी. उल्हासनगरातल्या गच्चीवरच्या लोखंडी शेडला तीच बरी. पण मेच्या उन्हात ती प्रसरण पावते, रंग विटतो आणि आगीत ती दगडासारखी तग धरत नाही. अनेक वर्षांच्या हमीला भुलण्याआधी ती मालाची आहे की बसवणीचीही, हे वाचावे. राहत्या नव्या घरासाठी, खर्च झेपत असेल तर, तपासलेला दगडच घ्यावा.

जुन्या बदलापूर गावातल्या कौलारू घराला मात्र दोन्ही नकोत. तिथे फुटकी कौले बदलून जूनआधी शाकारणी उरकता येते. स्लेट बसवणारा कारागीर शोधेपर्यंत पाऊस दारात आलेला असेल.