धनुष्य घेतलं, आता बाणाचं बघा

2023च्या ऑगस्टात बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. दोघंही कंपाऊंड धनुष्यवाले. 2028च्या ऑलिम्पिकातही आता कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार आहे. मग हदगावातलं लेकरूही म्हणणारच, मला ते चाकाचं धनुष्य पाहिजे. हळदीचे पैसे हातात आले की बाप धनुष्यासाठी मोठी रक्कम मोजतो आणि बाणांचं मात्र ‘द्या कुठलेही डझनभर’ म्हणून उरकतो. माझी विनंती या बापाला आहे.

दोरी सुटली की बाणाला मागून दणका बसतो, पुढं टोकाचं वजन असतं, आणि मधल्यामधी दांडा लवतो. हे लवणं धनुष्याच्या जोराला जुळलं पाहिजे. दांड्याच्या या ताठपणाला स्पाइन म्हणतात. मोजायची रीत साधी आहे: 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर दांडा आडवा ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो किती खाली गेला ते बघायचं. अर्धा इंच गेला तर बाणावर 500 लिहितात.

फसगत होते ती इथं. पाच एचपीची मोटार तीनपेक्षा दांडगी, म्हणून 500चा बाण 400पेक्षा दणकट असं आपण धरून चालतो. तसं नाही. मोटार भरणाऱ्याला विचारा, तारेचा गेज वाढला की तार बारीक होते. तसंच हे, आकडा मोठा, बाण नरम.

लांबीचंही तेच. एकाच वेळूची पाच हाताची काठी लवते, हातभर तुकडा हलत नाही. बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावलं, की तोच दांडा नरमासारखा वागतो. म्हणून तीन गोष्टी कागदावर लिहून मगच दुकानात जा: धनुष्याचे पाउंड, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, बाणाची कापलेली लांबी, टोकाचं वजन. बाण बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो, त्यात या तिन्हींवरून आकडा मिळतो. 40 पाउंड आणि 28 इंचाला तो साधारण 500च्या आसपास येतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, त्याच कंपनीचा तक्ता बघा.

दोन आकड्यांच्या मधात अडकलात तर ताठ बाण घ्या. कंपाऊंडची दोरी बोटांनी नाही, रिलीज नावाच्या हातातल्या चापानं सुटते, त्यामुळं थोडा जास्त ताठ बाण चालून जातो. नरम बाण चालत नाही. तो भरकटतोच, शिवाय कार्बनचा असेल तर सुटतानाच फुटून त्याच्या चिरफळ्या हातात घुसू शकतात. बांबूच्या धनुष्यावर शिकलेलं पोर जुने लाकडी बाण कंपाऊंडला लावून बघतंच. ते आधी काढून ठेवा. बाण फार हलकाही नको; दर पाउंडामागं निदान पाच ग्रेन वजन धरा, म्हणजे 40 पाउंडाला 200 ग्रेन.

लेकरू वाढतं, त्याची ओढ लांबते, सहा महिन्यांत पाउंडही चढवले जातात. दिवाळीत जुळलेला बाण उन्हाळ्यात नरम पडलेला असतो, किंवा इतका आखूड की ओढताना रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, आत घसरेल. पाउंड वाढवायच्या आधी प्रशिक्षकाकडून बाण तपासून घ्या. एकदम डझन घेण्यापेक्षा सहाच घ्या.

आणि रोज सरावाआधी कार्बनचा प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून, तोंडापासून लांब, हळूच वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो तिथंच मोडा. माळ्यावर ठेवू नका, धाकटं उचलतं.