भाडे गोठलेले नव्हते, तरी स्लॅब का कोसळला?

१/ "भाडेनियंत्रणाने इमारती मोडकळीस आणल्या." एखादी इमारत कोसळली की हे वाक्य हमखास ऐकू येते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते अर्धसत्य वाटते आणि दापोड्यातल्या भाड्याच्या खोलीत राहणारा म्हणून धोकादायक. कारण या वाक्याने दोष कायद्याच्या माथी जातो आणि दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न बाजूला पडतो.

२/ त्यातले सत्य आधी मान्य करू. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीवर निर्बंध आले. पुढे १९४७ च्या कायद्याने 'प्रमाण भाडे' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. सिमेंट, लोखंड, मजुरी महागत गेली. भाडे जागचे हलले नाही. ही गोठवणूक आता वाजवी उरलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले.

३/ परंतु त्याच १९४७ च्या कायद्यात कलम २३ होते. जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणे हे त्याने घरमालकाचे कर्तव्य ठरवले होते. भाड्याचे कलम सर्वांना तोंडपाठ आहे. कर्तव्याचे कलम मात्र कुणी उच्चारत नाही. इतिहास असा निवडून आठवला की त्याची कैफियत होते.

४/ आता भिवंडीकडे या. मुंबई-नाशिक महामार्गालगत माणकोली, वळ, दापोडे या पट्ट्यात शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. त्यांत माल चढवणारे हमाल, पॅकिंग करणाऱ्या बायका, टेम्पोचालक आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. येथील भाडे १९४० चे नाही. ते बाजारभावाचे आहे आणि नव्या करारागणिक वाढते.

५/ तरीही २९ एप्रिल २०२३ रोजी याच पट्ट्यातील वळपाडा येथे इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती कुटुंबे. ८ माणसे दगावली. 'गोठलेल्या भाड्याचा' सिद्धान्त या ढिगाऱ्याचा उलगडा कसा करणार?

६/ आजचा कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४: दुरुस्तीचे कर्तव्य मालकाचे. नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने काही केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा, वर्षाच्या भाड्याचा एक चतुर्थांश.

७/ महिना ६,००० रुपये भाडे धरा. वर्षाचे ७२,००० झाले. वळते करता येतील १८,०००. त्यात गॅलरीचा कठडा होईल, गळती थांबेल. स्लॅब आणि खांब होणार नाहीत.

८/ खरी पळवाट पुढेच आहे. हे कर्तव्य 'भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास' लागू होते. म्हणजे करारात एक ओळ घातली की मालक मोकळा! शिवाय ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा कायद्याच्या लेखी 'भाडेकरू' नसतोच. कलम १४ त्याच्यासाठी लिहिलेले नाही.

९/ आमच्या खोलीसमोरच्या गॅलरीच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. मुले तिथेच खेळतात. मालकांना सांगितले तेव्हा उत्तर आले, "करार संपत आलाय ना? मग बघू." या वाक्यात धमकीचा एकही शब्द नाही. आईने त्या दिवसापासून गॅलरीचा विषय काढलेला नाही.

१०/ छोटे मालक म्हणतील, "दुरुस्तीला पैसा कुठून आणू?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला या राज्याने पूर्वी उत्तरही दिलेले आहे. १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणले. ती व्यवस्था सदोष होती, पण दुरुस्ती ही सार्वजनिक बाब आहे हे तिने मान्य केले. भिवंडीच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

११/ म्हणून मागण्या तीन. दुरुस्तीचे कर्तव्य कराराने रद्द करता येऊ नये. ते लायसन्सवर राहणाऱ्यांनाही लागू व्हावे. आणि दुरुस्ती मागितली म्हणून करार नाकारणे बेकायदा ठरावे.

१२/ भाडे किती असावे, यावर शंभर वर्षे वाद झाला; पुढेही होवो. भाडे घेणाऱ्याने छत सांभाळावे, यावर वाद कसला?